बाबांच्या पार्किन्सनसाठी टीएमएसची २० सिटिंग – कर्वे रोडजवळच्या क्लिनिकचा आमचा अनुभव

आधी मुद्द्याचं सांगते, कारण मी स्वतः शोधत होते तेव्हा मला हेच कुठे सरळ मिळालं नाही. टीएमएस म्हणजे बाहेरून चुंबकाने मेंदूला ठोके देण्याचा उपचार. त्याच्या २० सिटिंगनंतर बाबांचं चालणं सुधारलं, खुर्चीतून उठणं सुधारलं, उजव्या हाताचा कंप जवळजवळ होता तसाच राहिला. सुधारलेलं चालणं साधारण दोन महिने टिकलं आणि मग हळूहळू उतरत गेलं. ३०,००० रुपये लागले, मेडिक्लेमने एक रुपया दिला नाही. तरीही परत करणार का असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हो आहे, फक्त मागच्या वेळी ज्या गोष्टी आम्ही चालवून घेतल्या त्या आता चालवून घेणार नाही. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या एका मुलीने फार मनापासून काम केलंय आणि माझी तक्रार तिच्याबद्दल अजिबात नाही.

बाबा ७१ वर्षांचे आहेत. पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, कॉम्प्युटर यायच्या आधीचे, ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनने काम करणारे, आणि त्यांचं अक्षर इतकं देखणं की सोसायटीतल्या नोटिसा, लग्नाच्या आहेराची पाकिटं, गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं सगळं त्यांच्याकडेच यायचं. आजार कळला तो कंपावरून नाहीच, अक्षरावरून कळला. ओळीच्या सुरुवातीला नेहमीसारखं असलेलं अक्षर ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं व्हायला लागलं, बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवला, आणि आम्ही काय केलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, चष्म्याचा नंबर बदलला. न्यूरॉलॉजिस्टपर्यंत पोचायला पुढे वर्ष गेलं. ज्यांच्या घरात कोणाचं अक्षर असं अचानक बारीक व्हायला लागलंय त्यांनी हे वाचून तरी वेळ घालवू नका.

त्याला आता सात वर्षं झाली. सिंडोपा, म्हणजे पार्किन्सनची नेहमीची गोळी, दिवसातून चार वेळा होती ती पाच वेळा झाली. पहिली काही वर्षं गोळीने सगळं छान चालतं, मग असा टप्पा येतो की पुढची गोळी घ्यायच्या तासभर आधीच मागच्या गोळीचा असर उतरतो आणि माणूस ताठ होऊन बसतो, आमच्याकडे त्याला सरळ 'ऑफ झाले' असंच म्हणतात आता, आई फोनवर सांगते की बाबा अर्ध्या तासापासून ऑफ आहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दारात पाय चिकटणं. मोकळ्या हॉलमध्ये नीट चालत येणारा माणूस बाथरूमच्या उंबऱ्यापाशी आला की पाय जमिनीला खिळे मारल्यासारखे, अंग पुढे जातं आणि पाय मागेच राहतात. दोनदा पडले त्यात. दुसऱ्यांदा भुवईला चार टाके.

न्यूरॉलॉजिस्टनी आधी डीबीएसचं सांगितलं होतं, म्हणजे कवटीला भोक पाडून मेंदूत आत तारा बसवायच्या आणि छातीत बॅटरी. ते ऑपरेशन योग्य पेशंटला खूप उपयोगी पडतं हे मी नाकारत नाही, पण खर्च कित्येक लाखांत जातो आणि बाबांनी ऐकल्या ऐकल्या मान हलवली. मग डॉक्टर म्हणाले की न चिरता बाहेरून चुंबकाने मेंदूला ठोके देण्याचा एक प्रकार आहे, टीएमएस, करून बघायला हरकत नाही. पण त्यांनी एक वाक्य अगदी दोनदा सांगितलं, की हे गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला आहे. आणि आजार मागे फिरेल, वाढायचा थांबेल असंही धरून चालू नका. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून बरं, कारण क्लिनिकमध्ये गेल्यावर वेगळीच भाषा ऐकायला मिळाली.

त्याआधी हे चुंबक प्रकरण काय आहे ते थोडं लिहिते, कारण 'चुंबक' म्हटल्यावर आमच्या शेजारच्या काकूंनी लगेच प्रदर्शनातून आणलेली चुंबकाची गादी आणि चुंबकाचा पट्टा बाबांसाठी पाठवून दिला. त्यांचं प्रेम मी जाणते, पण त्या गादी-पट्ट्याचा आणि टीएमएसचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. नुसतं चुंबक डोक्याला लावून मेंदूत वीज तयार होत नाही. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदललं तरच शेजारच्या वाहक पदार्थात वीज वाहते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं, दहावीला आपण कॉइल आणि गॅल्व्हॅनोमीटरची आकृती काढायचो तेच. टीएमएसच्या मशीनमध्ये साठवलेली वीज डोक्याजवळ धरलेल्या कॉइलमधून एका मिलिसेकंदाच्याही आत सोडतात, हजारो अँपिअरचा झटका, त्याने क्षणभर दीड-दोन टेस्लाचं क्षेत्र तयार होतं, म्हणजे जवळपास एमआरआय मशीनच्या ताकदीचं, आणि ते कवटीतून अडथळ्याशिवाय आरपार जातं. खाली मेंदूच्या वरच्या थरात बारीकशी वीज वाहते आणि तिथल्या पेशी चालू होतात. इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे पहिल्यांदा करून दाखवलं, डोक्यावर कॉइल धरली आणि माणसाचा हात हलला.

आता पार्किन्सनमध्ये डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन, बनवणाऱ्या पेशी मरतात त्या मेंदूच्या खूप आत, आणि ही कॉइल पोचते जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. मग उपयोग कसा, हा प्रश्न बाबांनीच विचारला, ड्रॉइंग वाचणारा माणूस शेवटी. उत्तर असं मिळालं की वरच्या थरातला हालचालींचा भाग आणि आतला भाग एकमेकांना तारांनी जोडलेले आहेत, वर पुन्हा पुन्हा ठोके दिले की त्या अख्ख्या सर्किटवर परिणाम होतो. मेलेल्या पेशी काही परत येत नाहीत. बाबांना हे पटलं, म्हणाले, "म्हणजे मोटार बदलत नाहीत, वायरिंग हलवून बघतात."

पहिला दिवस मात्र खरंच लक्षात राहील असा होता. आधी भरपूर प्रश्न, डोक्यात-कानात काही धातू आहे का, पेसमेकर आहे का, कानाचं इम्प्लांट आहे का, कधी फीट आली होती का, घरात कोणाला येते का, झोप झाली का. हे प्रश्न जिथे विचारत नाहीत तिथून उठून यावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण फीट येण्याची शक्यता अगदी कमी असली तरी ती असते, आणि डोक्यात धातूची क्लिप किंवा यंत्र असेल तर हे करायचंच नसतं. मग त्या टेक्निशियन मुलीने बाबांच्या डोक्यावर स्विमिंगची असते तशी घट्ट टोपी घातली, टेपने मोजमाप घेतलं, पेनने खुणा केल्या, आणि आठच्या आकड्याच्या आकाराची कॉइल डाव्या बाजूला धरून एकेक ठोका द्यायला लागली. टक्. काही नाही. जरा सरकवली. टक्. आणि बाबांचा उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. ती म्हणाली, "काका, सापडली जागा." अंगठा जेमतेम हलेल इतकी कमीत कमी ताकद किती ते आधी शोधायचं असतं, दहा ठोक्यांपैकी पाच वेळा तरी हालचाल दिसली पाहिजे, आणि मग उपचाराचा जोर त्या आकड्याच्या हिशोबाने ठरवतात, कारण प्रत्येकाची कवटी आणि मेंदू वेगळा. तिने हा आकडा दर सोमवारी पुन्हा काढला. तो काढायला वीस मिनिटं जातात आणि बाहेर पेशंट खोळंबलेले असतात, तरी तिने एकदाही टाळाटाळ केली नाही. टोपीवर बाबांचं नाव लिहून ती वेगळ्या पिशवीत ठेवायची. या मुलीला माझ्याकडून पाचपैकी पाच.

रोजचं सिटिंग म्हणाल तर सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे. सेकंदाला दहा असे चार सेकंद ठोके, मग सव्वीस सेकंद शांतता, मग परत, एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला १०००. बसायला-उठायला धरून पाऊण तास. आवाज चांगलाच मोठा असतो, सुतारपक्षी डोक्याशी बसल्यासारखा, कानात बोळे घालावेच लागतात, आणि शेजारी बसणाऱ्यानेसुद्धा घालावेत, मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. दुखत नाही पण टपली मारल्यासारखं वाटतं आणि भुवईपाशी थोडं फडफडतं असं बाबा म्हणायचे. पहिले तीन दिवस संध्याकाळी डोकं दुखलं, क्रोसिनने थांबलं, नंतर नाही. भूल नाही, भरती नाही, बाहेर पडलं की समोरच्या टपरीवर चहा पिऊन मेट्रोने घरी. वनाजच्या बाजूला राहत असल्यामुळे मेट्रोची फार मदत झाली हे लिहायलाच हवं, स्टेशनला लिफ्ट आहे आणि फलाट सपाट आहे, रिक्षात वाकून चढण्यापेक्षा बाबांना ते कितीतरी सोपं गेलं.

आता तक्रारी.

पहिली म्हणजे पैसे घेणाऱ्या काउंटरवरची भाषा. टेबलामागच्या बाईंनी आम्हाला सांगितलं की कंप पूर्ण बंद होईल, गोळ्या निम्म्या होतील, आणि अमेरिकेची मान्यता आहे. या तीनही गोष्टी अशा सांगणं चूक आहे. अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये या मशीनला मान्यता दिली ती डिप्रेशनसाठी, पुढे २०१८ मध्ये ओसीडीसाठी (तेच ते विचार आणि त्याच त्या कृती थांबत नाहीत तो आजार), पार्किन्सनच्या हालचालींसाठी नाही. पार्किन्सनबद्दल काय आहे तर युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०२० मध्ये सगळे अभ्यास तपासून, दोन्ही बाजूंच्या हालचालीच्या भागावर जलद ठोके दिले तर 'बहुधा उपयोग होतो' अशी दुसऱ्या पायरीची पावती दिली, 'नक्की होतो' अशी पहिल्या पायरीची नाही. हे काही वाईट नाहीये, उलट मला तर हेच ऐकून धीर आला असता. पण आईने ते 'कंप पूर्ण बंद' ऐकलं आणि ती चार आठवडे रोज संध्याकाळी बाबांच्या हाताकडे बघत बसायची, आणि शेवटच्या शुक्रवारी घरी येऊन स्वयंपाकघरात जाऊन रडली. चालणं सुधारलं होतं हे तिला दिसलंच नाही कारण तिला सांगितलंच वेगळं होतं. हे मला फार लागलं. पॅकेजचे सगळे पैसे आधी घेतात आणि मध्येच सोडलं तर परत देत नाहीत, हेही त्याच काउंटरवर बारीक अक्षरात.

दुसरी तक्रार वेळेची, आणि पार्किन्सनवाल्यांनी ही नीट वाचा. आम्ही साडेदहाची वेळ घेतली होती कारण बाबांची गोळी साडेनऊची, म्हणजे साडेदहाला ते पूर्ण ऑन असतात, चालत जाता येतं, खुर्चीत स्थिर बसता येतं. दुसऱ्या आठवड्यापासून फोन यायला लागले, आज बारा करा, आज साडेबारा, आज एक. पुढची गोळी दीडची. म्हणजे नेमके ऑफ व्हायच्या वेळी त्यांना बाहेर काढायचं, जिन्यात पाय चिकटायचे, वेटिंगमध्ये अजून अर्धा तास, मग खुर्चीत इतका ताठरपणा आणि कंप की कॉइल एका जागी धरायला त्या मुलीला दुप्पट त्रास. तक्रार केली तर रिसेप्शनवर उत्तर मिळालं की सगळ्यांनाच ॲडजस्ट करावं लागतं. डिप्रेशनचा तरुण पेशंट बाराला आला काय आणि एकला आला काय, चालून जातं. पार्किन्सनच्या माणसाचा अख्खा दिवस गोळीच्या घड्याळावर चालतो, आणि जे क्लिनिक पार्किन्सनचा बोर्ड लावतं त्याला हे माहीत असलंच पाहिजे. वीसपैकी सात सिटिंग अशी चुकीच्या वेळी झाली, मी वहीत मांडलंय.

तिसरी, इमारत. पहिला मजला, लिफ्ट आहे पण चार आठवड्यांत नऊ दिवस बंद. क्लिनिकचं दार अरुंद, दारातच गडद रंगाचं जाड पायपुसणं. ज्याचे पाय दारात चिकटतात त्याच्यासाठी पायपुसणं म्हणजे खड्डाच. मी पहिल्याच आठवड्यात काढायला सांगितलं, काढलं, दुसऱ्या दिवशी परत तिथेच. शेवटी मी रोज आत जाताना ते स्वतः उचलून बाजूला ठेवायचे.

आता चांगली गोष्ट, जी पॅकेजमध्ये नव्हतीच. तिथे आठवड्यातून दोनदा एक फिजिओथेरपिस्ट यायच्या. त्यांनी बाबांना दारापाशी अडकलेलं बघितलं आणि विचारलं, "काका, वारी केलीय का कधी?" बाबांनी तरुणपणी आळंदी ते पुणे चालत दोनदा केलीये. त्या म्हणाल्या, मग पाय अडकले की मनात टाळ वाजवा, ज्ञानोबा-तुकाराम, ज्ञानोबा-तुकाराम, प्रत्येक ठेक्याला एक पाऊल. आणि बाबा दारातून गेले! मला विश्वास बसेना. त्यांनी समजावलं की आपोआप चालण्याचा रस्ता बिघडला तरी बाहेरचा ताल किंवा जमिनीवरची रेघ धरून पाऊल टाकायला मेंदू दुसरा रस्ता वापरतो, हे पार्किन्सनमध्ये चांगलं माहीत असलेलं आहे. घरी आम्ही बाथरूमच्या दारापुढे पिवळ्या चिकटपट्टीच्या तीन आडव्या रेघा मारल्या, एकेका पावलाच्या अंतराने, बाबांनीच पट्टी धरून आखून दिल्या. चिकटपट्टी चाळीस रुपयांची. टीएमएस करायचं असो नसो, या रेघा आजच मारा.

आता सुधारणा खरी की मनाची, हा प्रश्न मलाही पडला. मी त्यासाठी एक साधं मोजमाप ठेवलं होतं. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, मोबाइलवर सेकंद मोजायचे, आणि हे कायम गोळीनंतर एक तासानेच. सुरुवातीला २६ सेकंद, कोर्स संपल्यावर १९, ऑगस्टअखेर परत २४. रोज एक ओळ लिहायलाही लावायचे, अक्षर थोडं मोठं झालं पण दिवसागणिक इतकं बदलतं की त्यावरून मी काही म्हणणार नाही. पार्किन्सनमध्ये नुसत्या आशेनेही फरक पडतो, आणि तो खोटा नसतो, २००१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी पेट स्कॅनवर दाखवलं की खोटं औषध दिलं तरी पेशंटच्या मेंदूत खरोखरचं डोपामिन सुटतं. म्हणून तर चांगल्या अभ्यासांत अर्ध्या लोकांना खोटी कॉइल लावतात, आवाज तोच येतो पण ठोका आत पोचत नाही. आमच्या घरी खोटी कॉइल नव्हती, चिकटपट्टी आणि टाळसुद्धा त्याच महिन्यात सुरू झाले, त्यामुळे २६ चे १९ कशामुळे झाले ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ऑगस्टमध्ये रेघा होत्या, टाळ होता, आणि तरी आकडा वर गेला, म्हणून माझा कौल ठोक्यांच्या बाजूने आहे.

त्या दोन महिन्यांत काय झालं तेही लिहिते. जूनमध्ये पालख्या पुण्यात आल्या तेव्हा बाबा लक्ष्मी रोडला उभे राहून दर्शन घेऊन आले, अडीच तास, खुर्ची बरोबर नेली होती ती फक्त दोनदा लागली. त्याच्या आदल्या वर्षी टीव्हीवर बघितलं होतं. ३०,००० रुपयांत मला काय मिळालं असं माझ्या भावाने विचारलं तेव्हा मी त्याला तो फोटो पाठवला.

जे जाणार असतील त्यांनी पैसे भरायच्या आधी स्वतः न्यूरॉलॉजिस्टशी बोलून घ्या, त्यांची चिठ्ठी असल्याशिवाय जाऊ नका, कॉइल डोक्यावर कुठे लावणार आणि का ते विचारा कारण डिप्रेशनसाठीची जागा वेगळी आणि हालचालीसाठीची वेगळी, ताकदीचा आकडा किती दिवसांनी पुन्हा काढणार ते विचारा, फीट आलीच तर डॉक्टर आवारात असतात का ते विचारा, आणि काही झालं तरी कोणाच्या सांगण्यावरून पार्किन्सनच्या गोळ्या एकदम कमी किंवा बंद करू नका, ते धोक्याचं असतं. आणि घरातल्या सगळ्यांना, मुख्यतः आयांना, आधीच सांगून ठेवा की कंपाकडे बघू नका, पायांकडे बघा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे घरचे लोक एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात, आम्ही तिकडे फार उशिरा पोचलो, आई आता तिथल्या बायकांशी फोनवर बोलते आणि तिचा चेहरा बदललाय.

उपचाराला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, टेक्निशियनला पाच, काउंटरला एक.

डिसेंबरमध्ये दुसरा कोर्स करायचं ठरतंय. त्याच क्लिनिकमध्ये, कारण बाबांना तीच मुलगी हवी आहे. मी मॅनेजरना भेटून आले, पाच-पाच सिटिंगचे पैसे वेगवेगळे भरणार आणि साडेदहाची वेळ बदलायची नाही हे त्यांनी कबूल केलंय. बाबा म्हणाले, तोंडी नको, फॉर्मवर लिहून घेऊ. काल गोळीनंतर तासाभराने बसले आणि वेळेच्या रकान्यात स्वतः लिहिलं, सकाळी १०.३०, पट्टीने आखलेल्या दोन रेघांच्या मध्ये, प्रत्येक आकडा सारख्या उंचीचा.